तीन नंबरच्या खोलीतली मशेरी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

पुण्याच्या पाच जणांनी अंघोळीच्या बादलीत बूट धुतले. तोरण्याची अर्धी माती माझ्या न्हाणीत आणून सोडली. मोरी तुंबली म्हणून पाहिलं तर आत मॅगीच्या शेवया. त्या मी बोटांनी ओढून काढल्या. ओल्या मोज्यांचा वास जेवतानासुद्धा नाकातून गेला नाही.

हे रोजचंच आहे, त्यासाठी काही वही काढली नसती. ह्यांना खताच्या कंपनीनं दिलेली डायरी कपाटात कोरी पडली होती, ती काढली वेगळ्याच कारणानं. ते पाच जण दोन दिवस राहणार होते, पण आज सकाळी पोहे अर्धे टाकून निघून गेले. का, तर म्हणे मागच्या अंगणात भूत आहे.

त्यांच्यातली शेफाली नावाची मुलगी सात वाजता मागे गेली होती. धुण्याच्या दगडावर एक बाई बसलेली, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं टक लावून बघत होती. शेफालीनं "काकू" अशी हाक मारली तशी ती उठून तीन नंबरच्या खोलीमागं गेली. पोरगी किंचाळली म्हणून मी पोह्यांचा झारा हातात घेऊनच धावले. कोणी नव्हतं. तीन नंबरमध्ये नाशिकच्या एक मॅडम दोन दिवस होत्या, पण सकाळी सहाच्या एसटीनं जाणार हे त्यांनी रात्रीच सांगितलं होतं. किल्ली दाराला लावलेली होती.

त्या पोरीनं गाडीत बसायच्या आधीच मोबाईलवर सगळं लिहून टाकलं. माझ्या हातच्या भाकरीबद्दल लोक दोन ओळी लिहीत नाहीत, भुताबद्दल पानभर लिहितात.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कान मांजराचे. ओसरीवरूनच म्हणाल्या, "पारू हाय ती. तिची खोली हाय ती."

झालं. आता हे गावभर होणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गावभर झालं. शिवाय सासूबाई आणि हे, दोघांनी मिळून मला न विचारता ठरवूनही टाकलं. चंपाषष्ठीला गेनबा देवऋषी येणार. तीन नंबरच्या खोलीत पारूची जागा करायची, तिथं तिचा टाक बसवायचा, आणि परक्या माणसांना घरात ठेवणं कायमचं बंद करायचं.

"परक्या माणसांच्या पायानंच ती उठली," सासूबाई म्हणाल्या.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत होते. सहा वर्षांपूर्वी गोठ्यात खोल्या काढताना भिंती मी गवंड्याच्या बरोबरीनं उभ्या केल्या. चार खोल्या, चार न्हाण्या, चार नळ. वेल्ह्यात उतरलेल्या माणसानं विचारलं की रिक्षावाले आता हनुमंताचं घर म्हणत नाहीत, रत्नाताईंचा मुक्काम म्हणतात. ह्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट आहे.

पारूबद्दल लिहून ठेवते. पारू ह्यांची पहिली बायको. शहाण्णव सालच्या श्रावणात कानंदीला पूर आला होता, तेव्हा पाण्याला गेली ती परत आली नाही. काठावर घागर आणि चपला सापडल्या, अंग सापडलं नाही. म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला आणि दिवस घातले. दोन वर्षांनी उत्रोलीहून मी आले. मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा अशी आमच्यात रीत आहे. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. मी तो गळ्यात घातला नाही, घामानं खाज सुटायची. मग तो देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी बसला. घरात नवी साडी आली की आधी त्या टाकासमोर ठेवायची, तिला नेसवली म्हणायचं, मग मी नेसायची. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. कोरी साडी म्हणून मी एकही नेसलेली नाही, सगळ्या दुसरीच्या अंगावरून उतरलेल्या. मेलेली असली म्हणून काय झालं, शिसारी यायची ती यायचीच.

आता तिला माझी खोलीही पाहिजे.

चंपाषष्ठी सव्वीस तारखेला. पंधरा दिवसांत ती पांढरी बाई कोण ते मी शोधून काढणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माणूस काय बोलतो त्यावर मी जात नाही. माणूस खोलीत काय टाकून जातो ते बघते. कोण पोटानं बिघडलेलं आहे, कोण चोरून पितं, कोणाचे केस गळतात, हे सगळं मला चादरीवरून आणि मोरीवरून कळतं. हे ज्ञान कोणाला हवं असतं असं नाही, पण पदरात पडलंय.

तीन नंबरची पांढरी चादर अजून धुतली नव्हती. तिच्या काठाला चिखल आणि गवताची कुसळं. लोक चादरीला पाय पुसतात, हे नवीन नाही. तेवढ्यासाठी मी नाशिकच्या मॅडमना मनात चार शिव्या दिल्या, दिसायला इतक्या नीटनेटक्या बाई आणि ही तऱ्हा.

मग धुण्याच्या दगडापाशी गेले. दगडाच्या पलीकडच्या बाजूला, गवतीचहाच्या मुळाशी, काळी वाळलेली थुंकी. मी काडीनं उकरली आणि वास घेतला. मशेरी. तव्यावर तंबाखू जाळून घरी केलेली, विकतची नव्हे.

भूत मशेरी लावत नाही. तेव्हा ती पांढरी बाई जिवंत आहे आणि आमच्याच भागातली आहे. पुण्यामुंबईच्या बायकांना तव्यावर मशेरी भाजता येत नाही.

पलीकडच्या चांगुणाबाईंवर माझा संशय आहे. त्यांच्या मुलानंही दोन खोल्या काढल्यात, आणि त्या ओस पडलेल्या असतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चांगुणाबाईंकडं विरजणाचं निमित्त काढून गेले. गप्पा वळवत वळवत मशेरीवर आणल्या. त्यांनी सरळ तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नाही. "डाक्टरनं समदे काढले दिवाळीच्या आधी. आता मशेरी कशाला लावू, हिरड्यांला?" असं म्हणून बोटानं ओठ खाली ओढला आणि हिरडीवरचा फोडही दाखवला. विरजण मी घरी येऊन म्हशीला घातलं.

निघताना म्हणाल्या, "मशेरीची लई सवय पारूला. उठली की त्याच दगडावर बसायची. तुझी सासू शिव्या घालायची, तरी बसायची."

म्हणजे भूतही मशेरी लावतं असं ह्यांना म्हणायचं होतं. अशा लोकांपुढं डोकं फोडायचं तरी किती?

१७ नोव्हेंबर, सोमवार

भुताची बातमी वाचून काल संध्याकाळी तीन पोरं एक यंत्र घेऊन आली. ते म्हणे भूत जवळ आलं की वाजतं. यंत्र वाजलं नाही. पोरांनी संडास मात्र तुंबवला.

ती गेली आणि दुपारी नाशिकच्या मॅडम परत आल्या. बरं वाटलं. मोहिनी त्यांचं नाव. आधार कार्डावरही एवढंच आहे, पुढं वडिलांचं नाही की नवऱ्याचं नाही. पंचावन्नच्या असतील, कापलेले केस, चष्मा, पंजाबी ड्रेस. मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर त्या सांभाळतात. मुक्कामाला फिरायला येतात म्हणे, पण गडाकडं काही जात नाहीत.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट खाली आहे. नवा माणूस कपाळ आपटल्याशिवाय आत येत नाही, कलेक्टरसुद्धा आपटतील. मॅडम मान वाकवून सरळ आत आल्या. मी म्हटलं, चला, एक तरी पाहुणी डोळे उघडे ठेवून चालते.

नाचणीची भाकरी आणि वरण्याची उसळ मागितली. जेवून देव्हाऱ्यापाशी थांबल्या. बराच वेळ.

"हा कुणाचा टाक?"

मी सगळं सांगितलं. कोणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं आजवर. पूर, घागर, चपला, पळसाचा पुतळा, टाकाला नेसवलेल्या साड्या.

"बुडताना कुणी पाह्यलं तिला?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग जाळली कशी इतक्या लवकर?"

मी म्हटलं, तेव्हा मी नव्हते इथं. त्यांनी टाकावरचं हळदकुंकू बघितलं आणि पदर नसतानाही खांद्यावरचा पदर सावरावा तसा हात नेला. डोळ्यांत पाणी होतं. मऊ मनाची बाई आहे.

सासूबाईंचं मात्र विचित्र चाललंय. मॅडमचा आवाज आला तशा तांदूळ निवडायच्या थांबल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या त्या दिवसभर तशाच. हे जेवायला आले, ओसरीवरून आत डोकावले, अंगणातच तांब्याभर पाणी प्याले आणि परत शेतावर गेले. विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मॅडम सकाळी गेल्या. मी खोली आवरायला घेतली. बेसिनच्या भोकाभोवती काळं कडं. बोट लावलं, वास घेतला.

मशेरी. तीच, घरी भाजलेली.

मी पलंगावर बसले. चष्मा, कापलेले केस, नाशिक, आणि तोंडात आमच्याकडची मशेरी. चादर उचलली तर काठाला परत कुसळं. म्हणजे ही बाई रोज पहाटे माझीच चादर अंगाभोवती गुंडाळून धुण्याच्या दगडावर बसते. त्या रविवारी सहाच्या एसटीनं गेलीच नव्हती. पोरीनं हाक मारल्यावर खोलीमागून निघून गेली.

इतकी किळस मला मोरीतल्या शेवयांचीही आली नव्हती. मी हिच्यापुढं घरचं सगळं उघडं करून बसले, आणि ही वेषांतर करून घर हेरतेय. कशासाठी, ते कळत नाही. घरात आहे काय चोरण्यासारखं?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. भूत सापडलं म्हटलं, गेनबाला नको म्हणून कळवा. मला वाटलं, निदान शाबासकी तरी देतील. ह्यांचं तोंड राखेसारखं झालं.

"ती बाई परत आली तर खोली न्हाई म्हन."

"का? गेनबापुढंच उभी करू की."

"रत्ना, मिटव आता. गेनबा येऊन जाऊ दे."

भूत नाही हे सिद्ध झालं तरी देवऋषी येणारच. ह्या माणसाला मी कळत नाही की मला हा माणूस कळत नाही, कोण जाणे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चंपाषष्ठीसाठी देव उजळायला काढले. खंडोबा आहे, भैरवनाथ आहे, दोन पूर्वज आहेत. पारूचा टाक नाही. ताम्हन पाहिलं, फुलांचं निर्माल्य चिवडलं, देव्हाऱ्याखालचं घुशीचं बीळही उकरलं. नाही.

आता वेषांतराचं कारण कळलं. मॅडमनी देव्हारा हेरला होता.

मी सासूबाईंना भीत भीत सांगितलं. त्यांना दिसत नाही, पण देव बोटांनी मोजतात. वाटलं, घर डोक्यावर घेतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिचं ती घेऊन गेली."

भुतानं चांदी नेली आणि म्हातारीला त्याचं काहीच नाही. परवा माझ्याकडून वाटी फुटली तर तीन दिवस बोलत होत्या.

मी मॅडमना फोन लावला. तुमचा चष्मा इथं राहिलाय, म्हटलं. पलीकडून आवाज आला, "चष्मा माझ्या नाकावर आहे." मग जराशानं म्हणाल्या, "मंगळवारी येते."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

त्या दुपारी दोनला आल्या. हे शेतावर होते. मी तीन नंबरमध्ये त्यांच्या मागोमाग गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"टाक कुठंय?"

"टाकला. नदीत."

इतकं उघड. मी म्हटलं, "आमचा देव आहे तो. चोरी केलीत तुम्ही."

"चोरी कसली? माझाच हाय की."

नाशिकचं बोलणं गळून पडलं होतं. मी मूर्खासारखी म्हटलं, तुमचा कसा, तो पारूचा आहे. त्या पलंगावर बसल्या, चष्मा काढला आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मला किती वेळ लागला ते लिहायची लाज वाटते. सगळ्या वस्तू माझ्यासमोर होत्या, दगड, चौकट, मशेरी. मी मोऱ्यांचे वास घेत फिरले आणि माणूस ओळखलं नाही.

"तुम्ही बुडला नाहीत?"

"घागर ठेवली काठावर. वरून एसटी येताना दिसली. चपला घालाया थांबले असते तर गाडी गेली असती. अनवाणीच पळाले."

"पण का?"

त्यांनी खोलीच्या कोपऱ्याकडं बोट केलं. आता तिथं मी टॉवेलची दांडी बसवलीय, तेव्हा तो गोठ्याचा कोपरा होता. "दोन डाव पोट पडलं माजं. सासू म्हनली हिला बाहेरचं हाय. गेनबाला आनलं. सात दिस त्या कोपऱ्यात बसवून शेळीच्या लेंड्यांचं पानी पाजलं मला. उलटी झाली की परत पाजायचं."

"तुम्ही पिऊन घेतलं?"

"हात धरले होते."

"कोणी?"

त्या घरात तेव्हा पुरुष एकच होता.

मी दाराशीच खाली बसले. मग आठवून विचारलं, निदान जिवंत आहे एवढं तरी कळवायचं.

"महिन्यानं कार्ड टाकलं की. जित्ती हाय, शोधू नका. जबाब बी आला. म्हनं तू आमाला मेलीस. मंग पुतळा जाळला असंल."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. सासूबाईंना ठाऊक होतं. मला बघायला उत्रोलीला आले तेव्हाही ठाऊक होतं. पहिली बायको जिवंत, सोडचिठ्ठी नाही, मग मी ह्या घरात कोण? खरं लिहायचं तर हा विचार नंतर आला. आधी मनात आलं, माझ्या साड्या.

त्यांच्याही मनात तेच असावं. म्हणाल्या, "लई साड्या नेसवल्यास म्हनं मला. कसल्या कसल्या गं?"

मी सांगत गेले. लग्नातला हिरवा शालू. आमच्या लेकीच्या, शिवानीच्या बारशाची डाळिंबी. इरकली, काळी नव्हे, जांभळी. शिवानीच्या लग्नातली मोरपंखी पैठणी. प्रत्येकीचा काठ सांगितला. त्या पोरीसारख्या ऐकत होत्या.

"मोरपंखी मला आवडली असती," म्हणाल्या. "तिकडं पोरी जुने ड्रेस टाकून जायच्या, त्यावर माजी वर्सं गेली. एका पोरीनं मोबाईलवर तुज्या खोल्यांचं फोटू दाखवलं. दार वळखलं. मंग म्हटलं बघून यावं. फकस्त बगायला आले गं, काय बी नको मला. पन त्या टाकाला कुंकू बगितलं अन अंगावर काटा आला. जित्त्या मानसाला कोन असं मारून बसवतं?"

मी म्हटलं, "उद्या गेनबा येतोय. तुम्हाला ह्याच खोलीत बसवायला. नंतर माझा मुक्काम बंद."

त्या हसल्या. "मंग मी र्‍हाते उद्यापातूर."

संध्याकाळी ह्यांना वाढलं. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, पित्त बरं झालं असावं. तोंड उघडलं असतं तर ताटात थुंकले असते.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी

भरीत, रोडगा, कांद्याची पात, सगळं रीतीप्रमाणे केलं. अकराला गेनबा आला. ऐंशीच्या घरातला माणूस, बोटांत चार अंगठ्या आणि नखांत मळ. तीन नंबरच्या बंद दारापुढं त्यानं लिंबं मांडली, धूप घातला. चांगुणाबाई आणि आणखी पंधरावीस माणसं अंगणात जमली. सासूबाईंना खुर्चीवर आणून बसवलं. हे शेजारी हात जोडून.

गेनबा घुमायला लागला. मग बाईसारखा बारीक आवाज काढून म्हणाला, "मी पारू. मला माजी जागा पायजेल. ही खोली पायजेल. परकी मानसं घालवा."

कडी आतून निघाली. दार उघडून त्या बाहेर आल्या. अंगावर माझी मोरपंखी पैठणी होती. सकाळी मी पेटीतून काढून दिली होती, त्या नको नको म्हणत असताना.

"म्या कवा मागितली रं खोली, गेनबा?"

गेनबाचं घुमणं जागच्या जागी थांबलं. त्यानं वर बघितलं, ओळखलं, आणि हातानं चाचपत स्वतःच्या चपला शोधायला लागला. चांगुणाबाईंनी पदर तोंडात कोंबला. जुनी माणसं सगळी ओळखून होती, त्यांच्या माना एकामागून एक खाली गेल्या. एकजण तरी "पारू" म्हणेल असं मला वाटलं. कोणी म्हणालं नाही.

सासूबाईंनी मान भिंतीकडं वळवली. "दार लावा," म्हणाल्या, "वारं येतंय."

पारूअक्का ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "हनुमंता, एवढ्या मानसांत सांग. म्या मेले व्हय?"

ह्यांनी मान वर केली नाही. समोर ती श्वास घेत उभी होती, तिच्या पैठणीचा काठ ह्यांच्या पायाला लागत होता.

"व्हय," म्हणाले.

मी ह्यांच्यापासून बाजूला झाले. बूट धुतलेली बादली, चांगुणाबाईंच्या हिरड्या, गेनबाची नखं, ह्या सगळ्याला मी आजवर घाण म्हणत आले. सत्तावीस वर्षं ह्या माणसाचं उष्टं ताट मी उचललं आणि कधी वास आला नाही.

एकच्या एसटीला त्यांना सोडायला मी वेल्ह्यापर्यंत गेले. पैठणी त्या उतरवून देत होत्या, मी घेतली नाही. स्टँडवर त्यांनी पिशवीतून डबी काढली आणि चिमूटभर मशेरी दाताला लावली.

"चादरी खराब केल्या तुज्या. धुवाया लावल्या."

"अक्का, पुढच्या वेळी सांगून या," मी म्हटलं. "बाहेर दगडावर बसू नका. ओसरीवर बसा."

"बगू," म्हणाल्या.

गाडी गेल्यावर मी बराच वेळ तिथंच उभी होते. धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं. ह्या गाड्यांचा धूर फार घाण आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मुक्काम बंद करायचं नाव कोणी काढलेलं नाही. गावात कोणी माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

सकाळी ह्यांचं अंथरूण, धोतराची घडी, पित्ताच्या गोळ्या आणि दाढीचं सामान तीन नंबरमध्ये नेऊन ठेवलं. हे दारात येऊन उभे राहिले.

"ह्ये काय?"

"नाश्ता आठ ते नऊ. जेवण दुपारी एकला आणि रात्री साडेआठला, उशीर झाला तर मिळणार नाही. अंघोळीचं पाणी सकाळी एकदाच. बेसिनमध्ये थुंकायचं नाही. चादर सोमवारी बदलते."

सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते तेच. ह्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. थोडा वेळ वाट बघितली, मग चपला बाहेर काढून आत गेले.

सासूबाईंना आंघोळ घातली. त्यांनी विचारलं, हनुमंत कुठंय. सांगितलं. त्यांनी पाठ घासायला पुढं केली.

दुपारी पुण्याहून फोन आला. कोणीतरी स्वरूप, चौघं येणार आहेत, त्यांना भुताची खोलीच पाहिजे म्हणे. मी म्हटलं, ती रिकामी नाही, तिथं माणूस राहतोय.

"कधी सुटेल?"

"कायमचा आहे," म्हटलं, आणि त्यांना दोन नंबर दिली.